कातडे आपले, चामडे परक्याचे

व्यापारात शब्द चुकला की हिशेब चुकतो. लोणखेडा, शहादा, तळोदा, नंदुरबार या आमच्या पट्ट्यात कातडे, खाल, चमडा, चामडे आणि लेदर हे पाचही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. खाटीक कातडे विकतो आणि म्हणतो चमडा विकला. गोदामवाला मीठ लावलेली खाल रचतो आणि बिलावर लिहितो चामडे. चपला शिवणारा कारागीर दुकानातून रेक्झिन आणतो आणि गिऱ्हाईकाला सांगतो लेदर. यात फरक तो काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. फरक आहे, आणि तो मोठा आहे, असे आमचे म्हणणे आहे. कातडे आणि चामडे यांच्यामध्ये एक आख्खा धंदा उभा आहे. तो धंदा म्हणजे कमावणे. आपण तो शब्द विसरलो आणि शब्दाबरोबर त्यातली कमाईही गमावली.

लोणखेड्याचा शेतकरी ऊस पिकवतो. जवळच पुरुषोत्तमनगरला सातपुडा कारखान्यात त्या उसाची साखर होते. उसाला साखर म्हणणारा माणूस या पंचक्रोशीत सापडणार नाही. खानदेशातील कापसाचा व्यापारी कापूस, रुई, सूत आणि कापड हे चार शब्द चार वेगळ्या भावांसाठी वापरतो. नंदुरबारच्या बाजारात ओली मिरची, वाळलेली मिरची आणि तिखट यांचा सौदा एका दराने होत नाही. मग एकट्या कातड्याच्या बाबतीतच आपण पहिली पायरी आणि शेवटची पायरी एकाच नावाने का ओळखतो?

मराठी म्हणीतली राहून गेलेली पायरी

'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत,' असे मराठी माणूस बोलून जातो. बोलण्याची ही रीत चांगली आहे, पण धंद्याच्या दृष्टीने तिच्यात एक माणूस राहून गेला आहे. कातड्याचे जोडे होतच नाहीत. कातड्याचे आधी चामडे होते आणि चामड्याचे जोडे होतात. मधला कमावणारा माणूस म्हणीतून गळाला. समाजातही त्याचे तेच झाले.

आपल्या मराठी भाषेने मात्र त्याचा मान एका जागी राखला आहे. 'कमावणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पैसा कमावतात, आणि कातडेही कमावतात. तालमीत घाम गाळलेल्या शरीराला आपण कमावलेले शरीर म्हणतो आणि रियाज केलेल्या गळ्याला कमावलेला आवाज म्हणतो. निसर्गाने दिलेली वस्तू कच्ची असते. मेहनत, वेळ आणि हुन्नर लावून ती टिकाऊ व उपयोगी करणे म्हणजे कमावणे. इंग्रजीत याच कामाला टॅनिंग म्हणतात. तो शब्द ओक झाडाच्या सालीवरून आला, कारण युरोपात त्या सालीने कातडी कमावत असत. हल्ली शहरातील ब्यूटी पार्लरच्या पाटीवर 'टॅनिंग काढून मिळेल' असे लिहिलेले दिसते. तिथे त्याचा अर्थ उन्हाने रापलेली त्वचा एवढाच आहे. आपला धंदा वेगळा, आणि आपल्या टॅनिंगची खूण अशी की ते एकदा झाले की निघत नाही.

चामडे कशाला म्हणावे?

ताज्या कातड्यात साठ-पासष्ट टक्के पाणीच असते. उरलेल्यातला मोठा भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा. हे तंतू ओले राहिले तर काही तासांत कुजू लागतात, नुसते वाळवले तर लाकडासारखे कडक होतात, आणि पाण्यात उकळले तर आकसून शेवटी त्यांचा सरस होतो. कमावण्याच्या क्रियेत सालीतील तुरट द्रव्य किंवा क्रोमचे क्षार या तंतूंना आतून बांधून टाकतात. त्यानंतर ते कातडे भिजले तरी कुजत नाही आणि वाळले तरी पापडासारखे मोडत नाही. मूळ तंतूंची वीण कायम आहे, पण कुजण्याचा धर्म गेला आहे, अशा कातड्याला चामडे म्हणावे. साधे कातडे साठ अंश उष्णतेच्या पाण्यात आकसते. सालीने कमावलेले साधारण सत्तर ते पंचाऐंशी अंशांपर्यंत टिकते. उत्तम क्रोम चामडे उकळत्या पाण्यातही तग धरते. कारखान्यात तुकडा उकळून पाहण्याची चाचणी करतात ती याचसाठी.

म्हणून मीठ लावलेले कातडे हे चामडे नव्हे. मीठ फक्त कुजणे लांबवते; मीठ धुऊन टाकले की कातडे पुन्हा होते तसे. तुरटीने पांढरे केलेले कातडेही खऱ्या अर्थाने कमावलेले नसते, कारण पाण्यात ठेवल्यास तुरटी निघून जाते. ढोल, डफ, हलगी आणि तबल्याची पुडी यांवर जे मढवलेले असते तेही चामडे नव्हे. ते केस काढून ताणलेले कच्चे कातडेच असते. सातपुड्यात होळीला जे ढोल घुमतात ते चामड्याने मढवले असते तर घुमले नसते. कमावलेले चामडे नरम पडते, आवाज गिळते. म्हणजे कातडे हलके आणि चामडे भारी अशीही गोष्ट नाही. ज्याचे त्याचे काम वेगळे आहे. ढोल मढवणाऱ्याला कच्चे हवे, जोडे शिवणाऱ्याला कमावलेले हवे. फरक ओळखणारा कारागीर दोन्हीकडे पोट भरतो.

पूर्वीच्या गावगाड्यात हा फरक कामाच्या वाटणीतच दिसे. मेलेले जनावर ओढणारा वेगळा, कातडे कमावणारा ढोर समाज वेगळा आणि चामड्याची मोट, जोडे, वाद्या करणारा चर्मकार वेगळा. चुन्याच्या कुंडात कातडे घालून केस सोडवायचे, रापीने मांस खरवडायचे, चुना धुऊन काढायचा आणि मग बाभळीची साल, हिरडा किंवा तरवडाची साल यांच्या पाण्यात ते मुरवायचे. काही ठिकाणी कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात सालीचे पाणी भरून टांगत असत. या कामाला दिवस लागत, दुर्गंधी असे, आणि मोबदल्यात अपमान मिळे. १९२७ सालच्या महाडच्या परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा असे आपल्या बांधवांना सांगितले, ते योग्यच होते. ज्या कामाचा पैसा नाही आणि इज्जतही नाही ते काम माणसाने का करावे? पुढे विहिरींवर ऑइल इंजिने आणि विजेचे पंप आले, मोटा गेल्या, आणि खेड्यातले कमावणेही गेले. उरले ते कच्चे कातडे गोळा करून बाहेर पाठवणे. त्या धंद्यात आपली बिरादरी मोठ्या प्रमाणावर आहे.

दीनच्या हिशेबात फरक

मुसलमान व्यापाऱ्याला तर हा फरक बाजारात शिरण्याआधीच शिकवलेला आहे. अरबी भाषेत कच्च्या कातड्याला 'इहाब' आणि कमावलेल्या चामड्याला 'अदीम' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मधल्या क्रियेला 'दबागत' म्हणतात आणि ती करणाऱ्याला 'दब्बाग'. शरई पद्धतीने जबह केलेल्या हलाल जनावराचे कातडे पाकच असते. प्रश्न येतो तो आपोआप मेलेल्या जनावराचा. त्याचे मांस हराम आहे, पण कातडे दबागतीने पाक होते, अशी हदीसची शिकवण आहे. हनफी आलिम यातून डुकराचे कातडे वगळतात. शाफई आलिम डुक्कर आणि कुत्रा दोन्ही वगळतात.

यात व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याचा मसला असा की, मुर्दार जनावराचे कातडे दबागतीपूर्वी विकणे हनफी फिकहानुसार जायज नाही. दबागत झाल्यावर जायज आहे. म्हणजे जो शब्दांचा फरक आपण किरकोळ समजतो, त्याच्यावर सौदा हलाल की नाजायज हे ठरते. हनफी फिकहात दबागत दोन प्रकारची मानली आहे. एक साल, तुरटी अशा द्रव्यांनी केलेली, आणि दुसरी उन्हात, वाऱ्यावर किंवा माती लावून ओल व दुर्गंधी घालवलेली. शाफई मजहबात तुरट द्रव्याशिवाय दबागत पुरी होत नाही. आपल्या गोदामात कोणता माल कोणत्या अवस्थेत आहे, हे प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. आम्ही येथे फक्त एवढेच दाखवत आहोत की दीनने या दोन वस्तू कधीच एक मानल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. कातडे कमावणे हे हलके काम असा समज आपल्यातही शिरला आहे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी कातडी कमावत, शिवत आणि त्या कमाईतून खैरात करीत, हे सीरतच्या वाचकांना ठाऊक आहे. जे काम त्या घराला शोभले ते आपल्याला का शोभू नये?

सरकारच्या वहीत फरक

दीनची वही वेगळी आणि कर खात्याची वही वेगळी, पण फरक तिथेही कडक आहे. जीएसटीसाठी मालाला जे कोड आहेत, त्यांतील ४१ वे प्रकरण कातडी व चामड्याचे. त्यात म्हशी-बैलाच्या जातीचे कच्चे कातडे ४१०१ मध्ये, मेंढीचे ४१०२ मध्ये, आणि बकऱ्याचे ४१०३ मध्ये येते. कातडे ताजे असो, मिठाचे असो, वाळवलेले असो किंवा चुना लावलेले असो, जोवर ते कमावलेले नाही तोवर ते याच तीन कोडांत राहते. कमावलेला पण अर्धवट तयार माल ४१०४ ते ४१०६ मध्ये जातो. बकऱ्याचे पूर्ण तयार चामडे ४११३ मध्ये, म्हशीचे ४१०७ मध्ये. पिशव्या, पाकिटे, पट्टे आणि खोगीर हा माल ४२ व्या प्रकरणात, आणि चपला-जोडे ६४ व्या प्रकरणात.

पाहा, उन्हात वाळवलेली तीच थप्पी हनफी फिकहाच्या हिशेबाने दबागत झालेली, पण कर खात्याच्या हिशेबाने अजून कच्ची! दोन वह्यांत दोन नावे. ज्याला दोन्ही कळतात तोच व्यापारी सावध.

१८ जुलै २०२२ पासून तयार चामड्यावर आणि कातडी कमावण्याच्या मजुरी कामावर ५ ऐवजी १२ टक्के कर लागू झाला होता. कच्चे कातडे मात्र ५ टक्क्यांतच होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार चामडे आणि मजुरी काम पुन्हा ५ टक्क्यांवर आले. मधल्या तीन वर्षांत ज्याने कच्च्या मालाच्या बिलावर 'चामडे' लिहिले त्याने स्वतःच्या हाताने पेच ओढवून घेतला. आज दर सारखे झाले म्हणून शब्दही सारखे झाले असे कुणी समजू नये. निर्यातीच्या नियमांत कच्चे कातडे, वेट ब्लू, क्रस्ट आणि तयार चामडे यांना आजही वेगवेगळे वागवले जाते. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात बाहेरून येणाऱ्या वेट ब्लूवरील आयात शुल्क काढले आणि क्रस्टवरील २० टक्के निर्यात शुल्क माफ केले. वेट ब्लू म्हणजे क्रोमने कमावलेला निळसर ओला माल आणि क्रस्ट म्हणजे कमावून वाळवलेला पण रंग-चकाकी न दिलेला माल, हे ज्याला माहीत नाही त्याला या बातमीतून काय कळणार?

आणि प्रश्न नुसत्या कराचा नाही. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. शेजारच्या गुजरातमध्ये जुलै २०१६ मध्ये उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना कशी मारहाण झाली ते देशाने पाहिले. आपला जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्हींच्या सीमेवर आहे. कच्च्या कातड्याची गाडी रस्त्यावर असते तेव्हा माल बकऱ्याचा की म्हशीचा, कच्चा की कमावलेला, कुठून आला आणि कुठे चालला, हे बिलावर स्पष्ट लिहिलेले असणे म्हणजे ड्रायव्हरच्या जिवाची काळजी घेणे आहे. 'चमडा, नग अमुक' एवढे मोघम लिहून गाडी सोडणाऱ्याने डोळ्यांवर कातडे ओढून घेतले आहे, असेच आम्ही म्हणू.

भावातला फरक

कच्चे कातडे नगावर किंवा वजनावर विकले जाते. चामडे चौरस फुटावर विकले जाते. तळाचे जाड चामडे तेवढे किलोवर जाते. या एका गोष्टीत सगळे आले. नगावर विकणारा माणूस कातड्यावरील सुरीच्या घावाकडे लक्ष देत नाही, कारण त्याला एक नग म्हणजे एक नग. फुटावर विकत घेणारा मात्र प्रत्येक भोक मोजतो. बकऱ्याच्या एका कातड्यातून साधारण ४ ते ६ चौरस फूट चामडे निघते. मध्यभागी सुरीचे दोन घाव पडले की त्यातून जाकिटाचा किंवा बुटाचा चांगला तुकडा निघत नाही, आणि सगळा नग हलक्या प्रतीत जातो. तो तोटा शेवटी कच्च्या मालाच्या भावातूनच वसूल होतो. आपल्याला वाटते व्यापाऱ्याने भाव पाडला. खरे तर भाव आपल्याच सुरीने पाडलेला असतो.

बकरी ईदच्या खालींचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. एकेकाळी कुर्बानीच्या खालींवर मदरशांचे काही महिन्यांचे खर्च निघत. गेल्या दहा-बारा वर्षांत हे भाव इतके उतरले की काही ठिकाणी खाली घ्यायला कुणी येत नाही आणि त्या जमिनीत पुरण्याची पाळी येते. परदेशात मागणी घटली, कृत्रिम मालाने बाजार व्यापला, टॅनरींवर प्रदूषणाची बंधने आली. ही कारणे आपल्या हातात नाहीत. पण आपल्या हातातली कारणेही आहेत. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ईद जून महिन्यात आली. खानदेशातील जूनच्या उकाड्यात सकाळी काढलेली खाल प्लास्टिकच्या गोणीत संध्याकाळपर्यंत गुंडाळून ठेवली, तर रात्री मीठ लावून काय उपयोग? तोवर केस सुटू लागलेले असतात. ती खाल कुर्बानी करणाऱ्याने सवाबच्या नियतीने दिलेली असते. कुर्बानीची खाल कसायाला मजुरीत देता येत नाही, आणि विकली तर तिची किंमत सदका करावी लागते. म्हणजे ती गरिबाची अमानत आहे. अमानतीचा माल गोणीत सडवणे याला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

देशानेही हा धडा एकदा शिकला आहे. भारतातून वर्षानुवर्षे कच्ची कातडी आणि मद्रासकडची सालीने अर्धवट कमावलेली कातडी परदेशी जात. नफा तिकडचे कारखाने घेत. १९७२ मध्ये सीतारामय्या समितीने हा प्रश्न पाहिला, आणि १९७३ पासून अर्धवट तयार मालाच्या निर्यातीवर कोटा व शुल्क लावून तयार चामडे व चामड्याच्या वस्तू यांना उत्तेजन देण्यात आले. त्यानंतरच तामिळनाडूतील आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट आणि उत्तरेत कानपूर, आग्रा यांची भरभराट झाली. आंबूर-वाणियंबाडीच्या मुस्लिम घराण्यांनी कातड्यावर न थांबता कमावण्यात आणि पुढे बुटांत पाऊल टाकले. मुंबईतील धारावीतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तामिळनाडूहून आलेल्या मुस्लिम व्यावसायिकांनीच टॅनरी उभ्या केल्या. पुढे प्रदूषणामुळे त्या उठल्या, पण पिशव्या, पाकिटे आणि पट्टे शिवणारे कारखाने तिथे राहिले. कमावणे गेले तरी चामड्याचे काम राहिले, कारण तोवर हुन्नर हातात आला होता.

मग लोणखेड्यात टॅनरी काढावी काय?

हा प्रश्न उत्साही तरुण विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट आहे : घाईने नाही. एक टन मिठाच्या कातड्यापासून जेमतेम २०० ते २५० किलो चामडे मिळते. त्यासाठी तीस-चाळीस हजार लिटर पाणी लागते, आणि ते मीठ, चुना, सल्फाइड, क्रोम घेऊन बाहेर पडते. तामिळनाडूतील पालार नदीकाठच्या टॅनरींबाबत २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 'जो घाण करील तो भरपाई देईल' हे तत्त्व देशाच्या कायद्यात पक्के केले. प्रदूषण मंडळ टॅनरीला लाल वर्गात धरते. गोमाई आणि तापीच्या पाण्यावर आपलीच शेती आणि आपलीच पोरेबाळे जगतात. ते नासवून मिळवलेल्या पैशात बरकत असणार नाही. मोठे भांडवल, सांडपाण्याची पुरी व्यवस्था आणि परवाने यांच्याशिवाय क्रोम टॅनरीच्या भानगडीत कुणी पडू नये.

पण टॅनरी नाही म्हणजे काहीच नाही असे नव्हे. कातडे आणि चामडे या दोन टोकांना आपण पुष्कळ करू शकतो. आमच्या सूचना अशा :

पहिली, कातडे काढण्याची रीत सुधारावी. टोकदार सुरीऐवजी पोटाला गोल असलेली सुरी वापरावी, आणि जिथे हाताने व मुठीने खाल सुटते तिथे सुरी लावूच नये. ईदच्या आधी मशिदीत किंवा मोहल्ल्यात एखाद्या जुन्या खाटकाने तरुणांना हे तासभर दाखवले तरी पुरेल.

दुसरी, मीठ वेळेवर लावावे. चार-पाच तासांच्या आत, सावलीत, मांसाची बाजू वर करून, कातड्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के स्वच्छ मीठ. कडा आणि घड्या कोरड्या राहू देऊ नयेत. पाणी निथळेल असा उतार ठेवावा, प्लास्टिक वापरू नये. लोणखेडा, शहादा आणि आसपासच्या गावांनी मिळून एकच जागा आणि एकच मिठाची खरेदी ठरवली, तर खर्चही वाटला जाईल आणि भावही एकजुटीने मागता येईल.

तिसरी, प्रतवारी करून विकावे. घाव नसलेले, किरकोळ घावाचे आणि खराब असे तीन ढीग वेगळे ठेवावेत. सरमिसळ मालाला नेहमी शेवटच्या ढिगाचा भाव मिळतो.

चौथी, बिलावर खरा शब्द आणि खरा कोड लिहावा. 'बकऱ्याचे कच्चे, मिठाचे कातडे' एवढे चार शब्द लिहायला शाई जात नाही.

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, चामड्याच्या बाजूने धंद्यात शिरावे. कमावलेले चामडे चेन्नई, कानपूर, कोलकाता आणि धारावीच्या बाजारात फुटावर विकत मिळते. ते आणून वस्तू करायला नदी नासवावी लागत नाही. आपल्या तालुक्यातच सारंगखेड्याला दत्त जयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लगाम, तंग, खोगीर आणि पट्टे यांचे गिऱ्हाईक दारात येते. लोणखेड्याला कॉलेज आहे, रसायनशास्त्र शिकलेली आपली मुलेमुली आहेत. त्यांनी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचे नाव ऐकले पाहिजे. १९४८ पासून ही संस्था याच विषयात काम करते आहे.

कारागिरांसाठी दोन शब्द

चप्पल-पाकीट शिवणाऱ्या बांधवांनी गिऱ्हाईकाला खरा शब्द सांगावा. रेक्झिन, पीयू आणि फोम हे प्लास्टिकचे अस्तर दिलेले कापड आहे. चामड्याचा भुगा गोंदाने चिकटवून केलेले पत्रे 'बॉन्डेड' म्हणून मिळतात. त्यांत मूळ तंतूंची वीण उरलेली नसते, म्हणून ते फाटतात. खरे चामडे पाठीमागून तंतुमय असते, कापलेल्या कडेला थर सुटत नाहीत, आणि धागाभर तुकडा जाळला तर केस जळल्याचा वास येतो, प्लास्टिक वितळल्याचा नाही. रेक्झिन विकण्यात गुन्हा नाही. स्वस्त माल गरिबाला हवाच असतो. रेक्झिनला चामडे म्हणून विकण्यात मात्र गुन्हा आहे, आणि मापात खोट करणाऱ्याविषयी आपल्या दीनने काय सांगितले आहे ते सर्वांना ठाऊक आहे.

शब्दाची किंमत कोल्हापूरकडे पाहून कळेल. सालीने कमावलेल्या चामड्याच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला नाव न घेता दाखवल्या. ओरड झाली, आणि कंपनीला त्यांचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य करावे लागले. कारागिरांकडे नोंदवलेले नाव होते म्हणून त्यांना भांडता आले. ज्याच्या मालाला नेमके नाव नाही त्याच्या बाजूने कोण भांडणार?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कातडे हे जनावराकडून मिळते. चामडे हे माणसाच्या मेहनतीतून मिळते. कातड्यात किंमत थोडी असते, कमावण्यात ती वाढते, आणि वस्तूत ती पुरी होते. पिढ्यान्पिढ्या आपण पहिल्या पायरीवर बसून राहिलो आणि शेवटच्या पायरीचे नाव वापरत आलो. येत्या बकरी ईदला निदान एवढे करावे : खाल घाव न पाडता काढावी, वेळेवर मीठ लावावे आणि बिलावर तिला खाल म्हणावे. मग आपल्या मुलांपैकी काहींनी तरी हातात चामडे घ्यावे आणि त्याला चामडे म्हणून विकावे. अल्लाहने बरकत मेहनतीत ठेवली आहे, आणि मराठीने त्या मेहनतीला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे : कमावणे.